परळच्या वाड्यातले कारभारी

२०२५ साली हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने पन्नाशी गाठली. त्याच्या आदल्याच वर्षी, मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा येऊन सव्वाशे वर्षे झाली होती. महामंडळ वयाने लहान, पण त्याचे गोत्र त्या वाड्याचे. म्हणून पन्नास वर्षांचा हिशेब मांडायचा तर तो सव्वाशे वर्षांपासूनच मांडावा लागतो. इथे काय काय तयार झाले याच्या याद्या यापूर्वीही छापल्या गेल्या आहेत. मला लिहायचे आहे ते हा कारभार कुणी पाहिला त्याविषयी. आजच्या भाषेत ज्याला कार्यकारी नेतृत्व म्हणतात, ते इथे सुरुवातीला एका माणसाचे होते, पुढे शास्त्रज्ञ संचालकांचे झाले आणि शेवटी एका मंडळाच्या हाती आले. माणसे बदलली, पदनामे बदलली. जी कुपी बाहेर जाईल तिची जबाबदारी आपली, हा पहिल्या माणसाने घालून दिलेला रिवाज मात्र टिकला.

१८९६ ते १९०५ : एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाची गाठ पाहिली आणि मुंबईत प्लेग आल्याचे जाहीर केले. पुढच्या काही महिन्यांत लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली, गिरण्या ओस पडू लागल्या. सरकारी उपायांविषयी लोकांच्या मनात इतकी धास्ती होती की ऑक्टोबरच्या अखेरीस आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. पुण्यात मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्या काळाची आठवण परवापरवापर्यंत घरोघरच्या आज्या सांगत. गाव सोडून शेतात झोपड्या टाकून राहिलेल्या लोकांच्या आठवणी महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्यात मिळतात.

अशा शहरात ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतले गेले. मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हे शास्त्रज्ञ. कॉलऱ्याची लस त्यांनी आधीच तयार केली होती आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात हजारो लोकांना ती टोचत फिरत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. हा आपल्या संस्थेचा पहिला कर्मचारीवर्ग. काम इतके जिवावरचे होते की एका मदतनिसाची प्रकृती मानसिक ताणाने ढासळली आणि दोघे सोडून गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जे उरले त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत, पण त्या खोलीतले तीन शिपाई हेही या संस्थेचे संस्थापकच आहेत असे मला वाटते.

लस बनवण्याची त्या वेळची रीत आज वाचतानाही मन गुंतते. बोकडाच्या मांसाचे सार काढून ते चंबूत भरायचे. गोमांस आणि डुकराचे मांस कटाक्षाने टाळलेले, कारण लस घेणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही असणार. त्या सारावर तुपाचे काही थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या तुपाच्या खालच्या अंगाला धरून वाढतात आणि छतावरून सुळके लोंबावेत तसे पांढुरके तंतू सारात खाली उतरतात. चंबू हलवला की तंतू गळून तळाशी बसतात आणि वर नवी वाढ सुरू होते. असे आठवड्यामागून आठवडे चालायचे. मग चंबू तापवून जंतू मारायचे, त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि लस तयार. मुंबईची दमट उष्ण हवा आणि आपल्या स्वयंपाकघरातले तूप यांनी या लसीला हातभार लावला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही सांगावी अशी आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मात्रा नंतर इतरांसाठी ठरली तिच्या कितीतरी पट. ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या, पण ते कामावर येत राहिले. त्यानंतर कॉलेजातली मंडळी पुढे झाली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस घेतलेल्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. आगाखान यांनी स्वतः लस घेतली, आपल्या अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला वापरायला दिला. लोकांचा विश्वास सरकारी हुकमाने आला नाही, तो अशा माणसांनी आपणहून पुढे झाल्यामुळे आला.

कामाचा पसारा वाढला तेव्हा सरकारने परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस दिले आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. मुळात हे जेझुइट पाद्र्यांचे ठिकाण, पुढे इंग्रज गव्हर्नरांचा वाडा. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच वाड्यात कॉलऱ्याने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंटला बिऱ्हाड हलवले. ज्या कॉलऱ्याने वाडा रिकामा झाला, त्याच कॉलऱ्यावर लस काढणारा माणूस तिथे राहायला आला. जिथे मेजवान्या झडत त्या दालनांत चंबूंच्या रांगा लागल्या.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना १९०४ मध्ये मुंबई सोडावी लागली. ज्या बाटलीतून त्या १९ जणांना लस दिली ती उघडताना गावीच स्वच्छतेत चूक झाली, असे पुढे दिसून आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. त्या काळात कोण कोणाविषयी काय म्हणाले, यात शिरण्याचे हे स्थळ नाही. इतकेच नोंदवतो की त्या चार-पाच वर्षांत प्रयोगशाळेचे काम थांबले नाही, आणि त्याचे श्रेय परळला राहिलेल्या सर्वांचे आहे.

१९०६ ते १९२५ : पिसवा, उंदीर आणि संस्थेचे नाव

हाफकिन गेल्यावर कारभार इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरांकडे आला. आधी बॅनरमन, पुढे ग्लेन लिस्टन. लिस्टन यांनी १९०३ च्या सुमाराला एक साधी युक्ती केली. प्लेगने उंदीर मेलेल्या घरात त्यांनी गिनिपिग सोडले आणि थोड्या वेळाने त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. त्या उंदरांच्या पिसवा निघाल्या. उंदीर मेला, अंग गार पडले, की उपाशी पिसू मिळेल त्या उबदार अंगावर उडी घेते. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्याच आवारात राहून हे बारीकसारीक प्रयोगांनी पक्के केले. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे, हा आपल्या खेड्यांतला धडा त्यामुळे शास्त्राच्या पोथीत गेला.

१९०६ मध्ये संस्थेचे नाव मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले, कारण काम आता प्लेगपुरते उरले नव्हते. १९२५ मध्ये संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. स्वतः हाफकिन तेव्हा हयात होते. १९३० साली लोझानला त्यांचे निधन झाले, त्याआधी पाच वर्षे त्यांना आपल्या नावाची पाटी लागल्याचे कळले होते, याचे समाधान वाटते. त्या १९२५ सालापर्यंत परळहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. वीज सगळीकडे पोचलेली नसताना, बाटल्या काचेच्या आणि वाहतूक आगगाडीची आणि बैलगाडीची असताना.

तिशी आणि चाळिशीची दशके : सोखी यांचा काळ

१९३२ मध्ये साहिब सिंग सोखी संचालक झाले. या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. मला विचाराल तर हाफकिन यांच्यानंतर या संस्थेला वळण देणारा सर्वांत मोठा कारभारी तोच. पंजाबातला हा लष्करी डॉक्टर. त्यांच्या पत्नी लीला रॉय म्हणजे 'मेनका' या नावाने गाजलेल्या कथक नर्तिका, ज्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. एका घरात कथकचा रियाज आणि जंतूंचे संवर्धन दोन्ही नांदत होते. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातले हे पान आपण फार कमी वेळा उलटतो.

सोखी यांनी परळची दारे रसायनशास्त्रज्ञांना उघडली. आतापर्यंत संस्था म्हणजे लस आणि रक्तद्रव. त्यांच्या काळात जीवरसायन, औषधशास्त्र आणि औषधोपचार या विभागांना बळ आले. सल्फा औषधे जगात नुकतीच येत होती. डॉ. के. गणपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गटातली संयुगे परळला तयार करून पाहिली. सोखी आणि डॉ. भालचंद्र दीक्षित यांनी प्लेगवर सल्फा औषधांचा उपयोग होतो का याचा अभ्यास केला आणि १९४० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. परळला घडलेली माणसे पुढे देशभर पसरली, त्यातले हे एक मोठे नाव.

सोखी यांची एक धारणा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही: या देशाला लागणारी औषधे या देशातच, सार्वजनिक संस्थांत, सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत तयार झाली पाहिजेत. १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीत आरोग्याच्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. स्वातंत्र्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेत आणि मग राज्यसभेत ते हेच बोलत राहिले. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, त्यामागेही हाच विचार होता. परळचे महामंडळ तर त्या विचाराचे सख्खे अपत्य म्हणायला हवे. आज महामंडळाच्या दरपत्रकावर कमी आकडे दिसतात, त्यांच्या मुळाशी तिशीच्या दशकातल्या एका संचालकाचा हट्ट आहे.

पन्नास आणि साठची दशके : सशाचे पिल्लू आणि फुरसे

स्वातंत्र्यानंतर संस्था मुंबई राज्याची आणि १९६० पासून महाराष्ट्राची झाली. या दोन दशकांत प्रयोगशाळेच्या बाकावर जे काम झाले त्याला दाद द्यावी तितकी थोडी. कॉलऱ्याचा जंतू सापडून सत्तर वर्षे झाली होती, पण तो माणसाला नेमका मारतो कसा हे कळले नव्हते, कारण प्राण्यांत कॉलरा होतच नसे. १९५५ मध्ये डॉ. एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी परळला दाखवून दिले की सशाच्या जेमतेम दहा दिवसांच्या पिल्लाला कॉलरा होतो, आणि तो माणसाच्या कॉलऱ्यासारखाच दिसतो. १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी त्याच पिल्लांवर दाखवले की जिवंत जंतूंशिवाय, त्यांच्यातून निघालेल्या विषानेही हा आजार होतो. त्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचले. डे यांचे नाव जगाने उचलून धरले, आणि ते योग्यच झाले. पण परळच्या त्या तिघांची आठवण त्यांच्या घरच्या अंगणात तरी जागी राहायला हवी.

दुसरे काम होते सापांचे. संस्थेच्या सर्पविभागात डॉ. पी. जे. देवरस यांनी वर्षानुवर्षे साप अभ्यासले. 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे त्यांचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढले. परळला येऊन साप पाहणे हा त्या काळच्या मुंबईतल्या शाळांच्या सहलीचा एक ठरलेला भाग असे, आणि विष काढताना पाहणाऱ्या मुलांचे डोळे विस्फारत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मोठे विषारी साप. रत्नागिरीच्या बाजूला दगडाखाली, गवतात, बांधावर फुरसे इतके असे की भात कापणारा माणूस विळ्यापेक्षा फुरशाला जपे. तिथून पकडलेली फुरशी परळला येत आणि त्यांचे विष काढून वाळवले जाई.

पुढचे काम घोड्यांचे. विषाची अगदी अल्प मात्रा घोड्याला द्यायची, महिन्यामागून महिने ती हळूहळू वाढवायची. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. मग घोड्याच्या मानेच्या शिरेतून ठरलेल्या प्रमाणात रक्त घ्यायचे, त्यातले द्रव वेगळे करायचे, शुद्ध करायचे आणि गोठवून, वाळवून कुपीत भरायचे. पिवळसर पांढरी पूड. दवाखान्यात ती दहा मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवतात. तयार द्रवाच्या एका मिलिलिटरने नागाचे ०.६, मण्यारीचे ०.४५, घोणशीचे ०.६ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे, असे तिचे माप ठरलेले आहे. खेड्यापाड्यांत हिला कुणी प्रतिसर्पविष म्हणत नाही. लोक म्हणतात 'सापाची लस', आणि दवाखान्यात आल्यावर पहिला प्रश्न असतो, 'लस आहे ना?'

१९६४ मध्ये टपाल खात्याने हाफकिन यांच्या चित्राचे तिकीट काढले. संस्थेला झालेला आनंद त्या तिकिटाएवढा छोटा नव्हता.

सत्तरचे दशक : एका घराची दोन घरे

एकाच छपराखाली संशोधन, शिक्षण, तपासणी आणि उत्पादन चालवणे आता जड जाऊ लागले होते. संशोधकाला पाच वर्षे थांबता येते, कारखान्याला पाच दिवसही थांबता येत नाही. सरकारी खात्याच्या पद्धतीने काच, बुचे आणि घोड्यांचा चारा विकत घ्यायचा तर मोसम निघून जातो. म्हणून १९७५ मध्ये राज्य सरकारने वाटणी केली. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचणी संस्थेकडे राहिली, उत्पादन नव्या महामंडळाकडे आले. पूर्ण सरकारी मालकी, पण कंपनीची घडण आणि कंपनीचा ताळेबंद.

कोणत्याही घरात वाटणी झाली की थोडी ओढाताण होते. कोणते दालन कोणाचे, कोणती यंत्रे कुणी न्यायची, कोण कुठे वर्ग व्हायचे, हे ठरायला वेळ लागला. दोन्ही बाजूंच्या ज्येष्ठांनी समजुतीने घेतले आणि आवार आजही एकच आहे. यापलीकडे त्या दिवसांविषयी काही लिहायची गरज मला वाटत नाही.

महत्त्वाचा बदल कारभाराच्या रचनेत झाला. यापूर्वी संचालक म्हणजे शास्त्रज्ञ आणि तोच सर्वेसर्वा. आता संचालक मंडळ आले, त्याखाली व्यवस्थापकीय संचालक, बहुधा भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी. त्यांच्या हाताखाली उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, हिशेब, भांडार आणि विक्री यांचे प्रमुख. व्यवस्थापकीय संचालक दोन-तीन वर्षांनी बदलून जात. विभागप्रमुख मात्र इथेच वाढलेले, इथेच निवृत्त होणारे. येणाऱ्या अधिकाऱ्याला लस म्हणजे काय हे समजावून सांगायचे आणि जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून मंत्रालयाच्या वाटा शिकून घ्यायच्या, हे त्या विभागप्रमुखांनी पिढ्यान् पिढ्या केले. संस्थेची खरी सलगता तिथे आहे. पिंपरीला घोडे आणि रक्तद्रव, परळला लसी, जळगावला हाफकिन अजिंठा फार्मास्युटिकल्स ही उपकंपनी, असा पसाराही या व्यवस्थेने उभा केला.

औषध कायद्याचा एक दंडक इथे सांगायला हवा. गुणवत्ता नियंत्रणाचा प्रमुख उत्पादन प्रमुखाच्या हाताखाली नसतो. माल तयार आहे, मागणी दारात उभी आहे, वरून फोन येत आहेत, तरी त्याची सही नसेल तर कुपी बाहेर जात नाही. त्यावर पुन्हा लसीची प्रत्येक खेप कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडून तपासून यावी लागते. हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्याची आजची कायदेशीर रीत म्हणजे ही सही, असे मला नेहमी वाटते.

ऐंशी आणि नव्वदची दशके : लसीकरण घरोघर

१९७८ मध्ये देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ मध्ये त्याला सार्वत्रिक रूप आले. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात या नावांची भीती पुढच्या पिढीला कळेनाशी झाली, हे त्या कार्यक्रमाचे यश. महामंडळाच्या खात्यात या काळात धनुर्वाताच्या आणि त्रिगुणी लसी, घटसर्प, धनुर्वात आणि श्वानदंशावरची रक्तद्रवे यांची भर पडत गेली.

डिसेंबर १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. एका रविवारी कोट्यवधी मुलांना दोन थेंब. ही गुलाबी छटेची लस उणे २० अंशांत गोठवून ठेवावी लागते. परळच्या भरण विभागातून निघालेली कुपी शीतगृह, गाडी, जिल्हा भांडार, तालुका, आरोग्य केंद्र आणि शेवटी आशाताईंच्या किंवा अंगणवाडीताईंच्या खांद्यावरची निळी पेटी असा प्रवास करते. कुपीच्या लेबलावर एक गोल आणि त्यात फिका चौकोन असतो. वाटेत लस तापली की चौकोन गडद होतो, गोलाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. ताई आधी तो चौकोन पाहतात आणि मगच बाळाचे तोंड उघडतात.

२००१ ते २०१६ : शेवटचा पोलिओ

जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वअर्हता मिळवणे हे या काळातले मोठे काम. इमारतींच्या भिंतींपासून हवेच्या गाळणीपर्यंत, पाण्यापासून नोंदवहीच्या प्रत्येक ओळीपर्यंत सगळे नव्याने तपासले गेले. कामगारांनी, तंत्रज्ञांनी, व्यवस्थापनाने मिळून ते पार पाडले आणि परळची पोलिओ लस युनिसेफमार्फत देशाबाहेरही गेली.

१३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. संशोधन आणि तपासणीच्या बाजूनेही या यशात परळचा वाटा आहे, कारण आवारातच असलेल्या आंतरविषाणू संशोधन केंद्रात देशभरचे नमुने तपासले जात होते.

त्यानंतरची एक तारीख बाहेरच्यांना ठाऊक नसते. २५ एप्रिल २०१६ रोजी देशाने पोलिओची त्रिगुणी लस बंद करून द्विगुणी सुरू केली. दुसऱ्या प्रकारचा विषाणू जगातून गेला होता, म्हणून तो लसीतूनही काढायचा. उत्पादकाला याचा अर्थ असा की एका दिवशी जुना माल नको, त्याच दिवशी नवा पुरेसा हवा. त्याची आखणी बरेच महिने आधीपासून करावी लागली, आणि ज्यांनी ती केली त्यांच्या टेबलावरच्या कागदांकडे कुणाचे लक्ष गेले नाही. काम सुरळीत पार पडले की असेच होते.

याच काळात कोकणातल्या एका जुन्या दुखण्यावर मोठे काम झाले. लाल विंचवाच्या दंशाने रायगड आणि रत्नागिरीत मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बाविस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने ती वाचवायला सुरुवात केली होती. महामंडळाने लाल विंचवाचे प्रतिविष तयार केले आणि बाविस्करांनी महाडमध्ये प्राझोसिनच्या जोडीला ते वापरून रीतसर चाचणी घेतली. दोन्ही मिळून दिल्यावर रुग्ण लवकर बरे झाले, हा निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. गावातला डॉक्टर, परळचा कारखाना आणि पिंपरीचे घोडे यांची ही संगत सोखी यांनी पाहिली असती तर त्यांना धन्य वाटले असते.

२०१७ ते आज : साथ पुन्हा आली

राज्याच्या रुग्णालयांसाठी औषधखरेदीचे कामही काही वर्षे महामंडळाने सांभाळले. मग २०२० साल आले. प्लेगच्या साथीतून जन्मलेल्या संस्थेने आणखी एक साथ पाहिली. रस्ते ओस पडले, पण घोड्यांना दाणापाणी लागतेच आणि सापही टाळेबंदी पाळत नाहीत, म्हणून कामावर येणारे येत राहिले. एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारत बायोटेककडून तंत्रज्ञान घेऊन कोव्हॅक्सिन तयार करण्यास महामंडळाला परवानगी दिली. केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटी रुपये देऊ केले, आणि उच्च दर्जाची जैवसुरक्षा सुविधा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले.

आज परळच्या आचार्य दोंदे मार्गावरच्या फाटकातून आत शिरले की एका बाजूला जुना वाडा दिसतो, त्यातल्या संग्रहालयात हाफकिन यांच्या काळातल्या वस्तू आहेत. शेजारी केईएम आणि टाटा स्मारक रुग्णालयांच्या रांगा लागलेल्या असतात, गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. महामंडळाच्या कारभारी मंडळींसमोर आज जुनी यंत्रे बदलणे, नवे तंत्रज्ञ मिळवणे आणि खाजगी उत्पादकांच्या स्पर्धेत किंमत न वाढवता टिकणे ही कामे आहेत. त्यांतले एकही सोपे नाही.

पिंपरीत सकाळी पशुवैद्य तबेल्यात फेरी मारतात. प्रत्येक घोड्याला क्रमांक असतो, त्याचे वजन, ताप आणि रक्ताचे आकडे वहीत असतात. ज्याचे रक्त घेतले तो ठरल्या दिवसांपर्यंत विश्रांतीवर. पावसाळ्याच्या तोंडावर ही वही दाट भरलेली असते, कारण जूनमध्ये पेरणी सुरू झाली की साप बिळाबाहेर येतात आणि राज्यभरच्या आरोग्य केंद्रांतून सापाच्या लसीची मागणी परळला येऊ लागते.